अंदाज बरोबर, खातं रिकामं

१९२०च्या मे महिन्यात लंडनमधल्या एका दलालाने आपल्या गिऱ्हाइकाकडे सात हजार पौंडांची मागणी केली. पैसे भरा, नाहीतर सौदे मोडावे लागतील, असा रोकडा मामला होता. गिऱ्हाईक साधंसुधं नव्हतं. जॉन मेनार्ड केन्स तेव्हा छत्तीस वर्षांचे होते. व्हर्सायच्या तहाच्या वाटाघाटींत ते ब्रिटिश अर्थखात्याचे प्रतिनिधी होते. जर्मनीवर लादलेली भरपाई सगळ्या युरोपला बुडवील असं बजावून त्यांनी जून १९१९मध्ये राजीनामा दिला, आणि डिसेंबरात त्याच विषयावर लिहिलेल्या पुस्तकाने मोठी खळबळ उडवून दिली. युरोपच्या चलनांचं पुढे काय होणार हे त्यांच्याइतकं कळणारा माणूस तेव्हा शोधून सापडला नसता. त्याच माणसाकडे दलालाला द्यायला पैसे नव्हते.

चलनबाजारात नशीब काढायला निघालेल्या प्रत्येकाने केन्स यांची ही गोष्ट आधी वाचावी. ‘डॉलर वर जाणार हे मला कळलं होतं, तरी पैसे गेले’ असं सांगणारी माणसं आज गल्लोगल्ली भेटतात. त्यांचा हा मूळपुरुष म्हणायला हरकत नाही.

युद्धाआधी चलनांत सट्टा खेळण्यासारखं फारसं काही नव्हतं. पौंड, डॉलर, फ्रँक, मार्क या सगळ्यांचा भाव सोन्याशी ठरलेला, त्यामुळे एकमेकांशीही ठरलेला. युद्धात ही घडी विस्कटली. मार्च १९१९मध्ये ब्रिटनने पौंडाचा डॉलरमधला भाव टिकवून धरण्याचा प्रयत्न सोडला आणि चलनं मोकळी सुटली. एरवी बँकांच्या मागच्या खोलीत चालणारा हुंडणावळीचा व्यवहार एकाएकी कुणालाही खेळता येईल असा झाला. ऑगस्ट १९१९मध्ये केन्स त्यात उतरले. सकाळी अंथरुणातच वर्तमानपत्रं पसरायची, दलालांना फोन करायचे, सौदे सांगायचे आणि मग उठून दिवसाच्या कामाला लागायचं, अशी त्यांची रीत होती. डॉलर घ्यायचा, फ्रँक, लिरा आणि मार्क विकायचे. विकायचे म्हणजे हातात नसलेले, पुढच्या तारखेला द्यायच्या बोलीने. भाव पडला की स्वस्तात घेऊन बोली पुरी करायची, मधला फरक आपला.

सुरुवातीला नफा झाला. मग १९२०च्या जानेवारीत ओसवाल्ड फॉक या दलालमित्राबरोबर त्यांनी मंडळी जमवून भांडवल उभं केलं. त्यात घरच्यांचे पैसे होते, लंडनच्या ब्लूम्सबरीतल्या चित्रकार-लेखक मित्रांचेही होते. सौद्याच्या रकमेच्या दहा टक्क्यांच्या आसपास अनामत ठेवली की काम भागे, बाकीचा सगळा भार उधारीवर. थोडक्यात, भाव दहा टक्के उलटा गेला की अनामत साफ.

मार्कचं काय झालं ते आकड्यांतच पाहावं. फेब्रुवारी १९२०मध्ये एका डॉलरला सरासरी ९९ मार्क पडत होते. एप्रिलमध्ये ६०, मेमध्ये ४६, जूनमध्ये ३९. ज्या चलनाचा ऱ्हास अटळ आहे असं केन्स यांनी साऱ्या जगाला पटवून दिलं होतं, ते चार महिन्यांत दुपटीहून अधिक वधारलं. जर्मनीबद्दल काही काळ बाजाराला आशा वाटू लागली होती, एवढंच कारण त्याला पुरलं. केन्स यांचे स्वतःचे तेरा हजारांहून अधिक पौंड बुडाले, मंडळींचे वेगळेच. धनाढ्य बँकर सर अर्नेस्ट कॅसल यांच्याकडून त्यांनी पाच हजार पौंड कर्जाऊ घेतले, मॅकमिलन या प्रकाशकांकडून पुस्तकाच्या मानधनापोटी दीड हजारांची उचल घेतली आणि दिवाळखोरी कशीबशी टाळली.

तीन वर्षांनी, नोव्हेंबर १९२३मध्ये, एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडत होते. केन्स यांचा अंदाज इतका बरोबर ठरला, की त्याहून बरोबर ठरणं शक्य नव्हतं.

‘तुमच्याकडचे पैसे संपेपर्यंत बाजार वेडेपणा करत राहू शकतो’ अशा अर्थाचं एक वाक्य केन्स यांच्या नावावर जगभर फिरतं. त्यांच्या लेखनात ते सापडत नाही. पण त्यांच्या नावाला ते का चिकटलं हे १९२०च्या त्या वसंतावरून लक्षात येतं. केन्स पुन्हा बाजारात उतरले आणि १९२२ संपेपर्यंत कर्ज फिटून वर सुमारे एकवीस हजार पौंड शिल्लक होते. पुढे १९३०च्या दशकातही त्यांनी चलनांत सौदे केले. ऑलिव्हिए अकोमिनोत्ती आणि डेव्हिड चेंबर्स या अभ्यासकांनी या सौद्यांच्या नोंदी एकेक करून तपासल्या आणि २०१६मध्ये निष्कर्ष मांडला: एकूण गोळाबेरीज नफ्याची होती, पण दिशा ओळखूनही नेमकी वेळ साधणं केन्स यांना सतत जड गेलं. उधारीवर सौदा करणाऱ्याला वेळ उसनी मिळते, आणि ती परत कधी मागायची हे दलालाच्या हातात असतं.

त्याच १९२०मध्ये मुंबईतही असंच नाट्य चाललं होतं. त्याची आठवण आपल्याकडे फारशी कुणी काढत नाही. रुपया तेव्हा चांदीचा. त्याचा सरकारी भाव बरीच वर्षं १ शिलिंग ४ पेन्स होता. युद्धकाळात चांदी महागली, तसा सरकारने तो पायरीपायरीने चढवत नेला. फेब्रुवारी १९२०मध्ये बॅबिंग्टन स्मिथ समितीच्या शिफारशीनुसार रुपया सोन्यातल्या २ शिलिंगांवर बांधला गेला. समितीतले एकमेव हिंदी सदस्य, मुंबईचे दादिबा मेरवानजी दलाल, यांनी विरोधी टिपण जोडलं होतं, पण ऐकतो कोण? बाजारात रुपया काही काळ पावणेतीन शिलिंगांच्याही पुढे गेला आणि मग घसरू लागला. ठरवलेला भाव राखायचा म्हणून सरकार लंडनमधली पौंडांची शिल्लक विकत सुटलं. या विक्रीच्या हुंड्यांना ‘रिव्हर्स कौन्सिल’ म्हणत. सरकारी भावाने पौंड स्वस्त मिळत होते आणि बाजारात महाग विकले जात होते. हुंडी मिळाली की फरक खिशात. हुंडीसाठी झुंबड उडाली नसती तरच नवल. सप्टेंबरात विक्री थांबेपर्यंत साडेपाच कोटी पौंड गेले होते. पुढच्या वर्षी रुपया सव्वा शिलिंगाच्या आसपास आला.

रुपया चढा असताना ज्या मुंबईकर व्यापाऱ्यांनी विलायती कापडाच्या मोठमोठ्या ऑर्डरी दिल्या होत्या, त्यांचा माल गोदीत लागेपर्यंत देणं कितीतरी वाढलेलं होतं. कित्येकांनी माल सोडवून घ्यायला सरळ नकार दिला. यातल्या कुणी सट्टा खेळलेला नव्हता. पण चलनाच्या जोखमीपासून बचाव न करता ऑर्डर देणं हाही एक सौदाच असतो, फक्त तो करणाऱ्याला ठाऊक नसतो.

त्या धामधुमीत सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर जुलै १९२०मध्ये अपुरं शिक्षण पुरं करायला लंडनला गेले. त्यांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध १९२३मध्ये पुस्तकरूपाने आला. त्यात त्यांनी थेट केन्स यांच्याशी वाद घातला आहे. केन्स यांनी तरुणपणी लंडनच्या इंडिया ऑफिसात नोकरी केली होती आणि १९१३च्या आपल्या पहिल्या पुस्तकात हिंदुस्थानच्या चलनव्यवस्थेची भलामण केली होती. आंबेडकरांचं म्हणणं असं, की ज्या व्यवस्थेत चलन किती काढायचं यावर सरकारला लगाम नाही, ती कितीही शास्त्रशुद्ध दिसली तरी रुपयाची किंमत राखू शकत नाही. पुढे हिंदुस्थानच्या चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगासमोर साक्ष देताना त्यांनी आणखी एक गोष्ट मांडली. रुपया पाडल्याने व्यापाऱ्याला होणारा फायदा देशाबाहेरून येत नाही, तो मजुरीवर जगणाऱ्या माणसाच्या खिशातून येतो. चलनाच्या भावाची चर्चा आजही नफा कुणाला, एवढ्यावरच थांबते. तो कुणाच्या पदरचा, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या एका प्राध्यापकाने विचारून ठेवला आहे.

आज या बाजाराचा आकार केन्स यांनाही थक्क करील. बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स दर तीन वर्षांनी त्याची मोजदाद करते. एप्रिल २०२५च्या मोजणीत रोजची उलाढाल ९.६ लाख कोटी डॉलर निघाली, आणि जवळपास नव्वद टक्के सौद्यांत एका बाजूला डॉलर होता. हा बाजार एका इमारतीत भरत नाही. सोमवारी सकाळी न्यूझीलंडमध्ये सुरू होतो आणि शुक्रवारी संध्याकाळी न्यूयॉर्कमध्ये थांबतो. मधे बंद असा नाहीच. घरबसल्या खेळणाऱ्याला हीच गोष्ट भुलवते. नोकरीवरून आल्यावर, मुलं झोपल्यावर, रात्री अकरालाही युरो-डॉलर हलत असतो.

त्याच्या पडद्यावर काय दिसतं ते जरा जवळून पाहू. युरोचा भाव १.१०००. हा शेवटचा आकडा एकाने हलला, म्हणजे १.१००१ झाला, की त्याला एक पिप म्हणतात. पूर्ण लॉट एक लाख युरोंचा. त्यावर एका पिपला दहा डॉलर. एवढा लॉट घ्यायला खात्यात एक लाख दहा हजार डॉलर लागतील असं वाटेल, पण शंभर पट लिव्हरेज, म्हणजे अनामतीच्या शंभर पट सौदा करू देणाऱ्या दलालाकडे अकराशे पुरतात. भाव शंभर पिप वर गेला की हजार डॉलर, जवळपास दुप्पट. शंभर पिप खाली आला की शंभर डॉलर उरतात, आणि खरं तर त्याच्या बऱ्याच आधी यंत्र आपोआप सौदा तोडतं. शंभर पिप म्हणजे युरोच्या भावात एक टक्काही नाही. बेकारीचा अमेरिकी आकडा जाहीर झाला की काही मिनिटांत इतकी हालचाल होऊ शकते. म्हणजे युरो वर्षभरात कुठे जाणार हे अचूक ओळखणारा माणूसही एका बातमीत साफ होऊ शकतो. केन्स यांना निदान दहाच पट भार होता.

‘मी स्टॉप लॉस लावतो’ हे यावरचं ठरलेलं उत्तर. अमुक भावाला सौदा आपोआप तोडा, अशी आगाऊ सूचना म्हणजे स्टॉप लॉस. शिस्त म्हणून ती चांगलीच. पण त्या भावाला समोर कुणी घेणारा असेल, हे त्यात गृहीत असतं. १५ जानेवारी २०१५ला ते गृहीतक कोसळलं.

स्विस नॅशनल बँकेने ६ सप्टेंबर २०११ला जाहीर केलं होतं, की युरोचा भाव १.२० फ्रँकच्या खाली जाऊ देणार नाही. युरोपातल्या संकटामुळे पैसा सुरक्षित जागा शोधत स्वित्झर्लंडकडे धावत होता, फ्रँक महाग होत होता आणि तिथली घड्याळं, यंत्रं, हॉटेलं महाग पडत होती. (हा निर्णय घेणारे अध्यक्ष फिलिप हिल्डेब्रांड यांना पुढच्या जानेवारीत राजीनामा द्यावा लागला, कारण निर्णयाच्या तीन आठवडे आधी त्यांच्या पत्नीने पाच लाखांहून अधिक डॉलर विकत घेतले होते. चलनबाजाराचा मोह किती उंचावरच्या घरात शिरतो!) मर्यादा मात्र टिकली. तीन वर्षांत ती इतकी मुरली, की १.२०च्या जरा वर युरो घ्यायचा आणि खाली स्टॉप लॉस ठेवायचा हा बिनधोक धंदा समजला जाऊ लागला. २०१५च्या १२ जानेवारीला बँकेच्या उपाध्यक्षांनी ही मर्यादा धोरणाचा आधारस्तंभ राहील असं सांगितलं. तिसऱ्या दिवशी झुरिकमध्ये सकाळचे साडेदहा वाजले होते, आपल्याकडे दुपारचे तीन. बँकेने एक पत्रक काढून मर्यादा रद्द केली.

पुढची काही मिनिटं पडद्यावर भाव होते, पण सौदे लागत नव्हते. १.२०च्या जरा खाली लावलेले स्टॉप लॉस कुणाचे १.०५ला, कुणाचे एकाच्याही खाली तुटले, कारण मधे घेणाराच नव्हता. काही ठिकाणी युरो ०.८५ फ्रँकपर्यंत पडलेला दिसला. ज्याच्या खात्यात पाच हजार होते, त्याच्यावर तीस-चाळीस हजारांचं देणं निघालं. एफएक्ससीएम या अमेरिकी दलाल कंपनीच्या गिऱ्हाइकांची एकूण थकबाकी २२.५ कोटी डॉलर झाली आणि कंपनीला ३० कोटींचं कर्ज घेऊन तगावं लागलं. वेस्ट हॅम फुटबॉल क्लबच्या जर्सीवर जिचं नाव झळकत होतं ती अल्पारी यूके बुडाली. एव्हरेस्ट कॅपिटल या अनुभवी कंपनीला सुमारे ८३ कोटी डॉलरचा आपला सर्वांत मोठा फंड बंद करावा लागला. पोलंडमध्ये व्याज कमी म्हणून फ्रँकमध्ये गृहकर्ज घेतलेल्या लाखो कुटुंबांचं देणं त्यांनी काहीही न करता वाढलं. अशी घरं १९२०च्या मुंबईतल्या कापडवाल्यांची सख्खी चुलत भावंडंच.

जपानची कथा निराळी. तिथे २००० नंतर बचतीवर व्याज जवळपास शून्य होतं आणि घरचा पैसा सांभाळणं हे परंपरेने गृहिणीचं काम. त्यांनी स्वस्त येन विकून जास्त व्याज देणारे ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंड डॉलर घ्यायला सुरुवात केली. लंडनच्या बाजारात अशा सगळ्यांना मिळून ‘मिसेस वातानाबे’ असं टोपणनाव पडलं. २००७मध्ये अशाच एका गृहिणीवर सुमारे चाळीस कोटी येनची कमाई करखात्यापासून लपवल्याचा खटला चालला. चलनातून पैसा कसा कमवावा यावर तिचं पुस्तकही निघालेलं होतं. दुसऱ्याच वर्षी जागतिक मंदी आली, येन उसळला आणि व्याजाचे पैसे मुद्दलासकट गेले. जपान सरकारने मग लिव्हरेजवर २०१०मध्ये पन्नास पटीची आणि २०११मध्ये पंचवीस पटीची मर्यादा घातली. युरोपने २०१८मध्ये मुख्य चलनजोड्यांवर तीस पटीची घातली. ती घालताना युरोपीय नियामकाने सांगितलं, की अशा करारांत छोट्या गुंतवणूकदारांची ७४ ते ८९ टक्के खाती तोट्यात जातात. तेव्हापासून तिथल्या दलालांना आपल्या गिऱ्हाइकांपैकी किती टक्के बुडतात हे जाहिरातीतच छापावं लागतं. आपल्याकडच्या जाहिरातींवर असा एक आकडा आला तर कधी घ्या, कधी विका हे मोबाइलवर सांगणारे ‘सिग्नल ग्रुप’ चालवणाऱ्यांची निम्मी दुकानं बंद होतील.

भारतात डॉलर-रुपयाचे वायदे राष्ट्रीय शेअर बाजारात २९ ऑगस्ट २००८ला सुरू झाले. लॉट हजार डॉलरचा, म्हणजे भाव एका पैशाने हलला की दहा रुपये इकडे किंवा तिकडे. दोन-तीन हजारांच्या अनामतीवर (मार्जिनवर) सौदा बसे, त्यामुळे छोटे खेळाडू भरपूर आले. पुढे साप्ताहिक ऑप्शन, म्हणजे ठरल्या भावाने डॉलर घेण्या-विकण्याचे आठवड्याच्या मुदतीचे हक्क, आले आणि खेळाची तऱ्हा बदलली. रिझर्व्ह बँक रुपयाला फार हलू देत नाही हे सगळ्यांनी हेरलं होतं. सबंध २०२३मध्ये डॉलर जेमतेम ८१ ते साडेत्र्याऐंशीच्या पट्ट्यात राहिला. तेव्हा चालू भावापासून लांबचे ऑप्शन विकायचे, काही घडलं नाही की त्यांची किंमत म्हणून मिळालेला प्रीमियम जमा करायचा, असा क्रम बसला. स्वित्झर्लंडच्या १.२०वर विसंबलेले लोकही हेच करत होते, फक्त भाषा वेगळी.

हा क्रम बाजाराने मोडला नाही, नियमाने मोडला. ५ जानेवारी २०२४च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केलं, की रुपयाच्या वायद्यात उतरणाऱ्याकडे परकीय चलनाची खरी देणी-घेणी हवीत. दहा कोटी डॉलरपर्यंत कागद दाखवायची सक्ती नाही, पण देणं-घेणं असलंच पाहिजे. एप्रिलमध्ये दलालांनी गिऱ्हाइकांकडून हमीपत्रं मागायला सुरुवात केली आणि अनेकांनी ती न देता सौदे मोडले. ३ मेपासून नियम लागू झाला आणि उलाढाल कोसळली. नियम जुनाच आहे, असं बँकेचं म्हणणं. मग इतकी वर्षं तो उघड उघड मोडला जात असताना कुणी का बोललं नाही, हा प्रश्न दलालांच्या कचेऱ्यांत आजही विचारला जातो, आणि तो गैरलागू नाही.

अधिकृत दार बंद झालं की लोक खिडकीतून जातात. परदेशी कंपन्यांच्या मोबाइल ॲपवर युरो-डॉलर खेळणं हा तसाच मार्ग. निवासी भारतीयाला परदेशी मार्जिनसाठी पैसे पाठवता येत नाहीत. वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवण्याची जी सवलत आहे, तीही यासाठी नाही. परकीय चलनाच्या फेमा कायद्यात गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२मध्ये अशा ३४ अनधिकृत मंचांची नावं जाहीर केली आणि नंतर यादी वाढवत नेली. नफा झाला तरी पैसे परत कसे आणायचे हा पेच, आणि ॲपवाल्याने खातं गोठवलं तर तक्रार कुणाकडे करायची हा दुसरा.

मग हा बाजार आहे कुणासाठी? नाशिकचा द्राक्ष निर्यातदार घ्या. जानेवारीत न्हावा-शेव्याहून कंटेनर रॉटरडॅमकडे निघतो, पैसे युरोमध्ये आणि काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी येणार. मजुरी, पॅकिंग, शीतगृह यांचा खर्च मात्र आजच्या रुपयांत झालेला. तो बँकेशी फॉरवर्ड करार करतो: अमुक तारखेला इतके युरो या भावाने देईन. हा भाव कुणाच्या अंदाजावर ठरत नाही, दोन देशांतल्या व्याजदरांच्या फरकावर ठरतो. सोयीसाठी डॉलरचं उदाहरण घेऊ: समजा तो आज ८५ रुपयांना आहे, आपल्याकडे व्याज साडेसहा टक्के आणि अमेरिकेत साडेचार. तर वर्षाने द्यायच्या डॉलरचा भाव सुमारे ८६ रुपये ६० पैसे निघतो. हा हिशेब पहिल्यांदा नीट उलगडून सांगितला तो केन्स यांनीच, १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला, हात पोळल्यानंतर. निर्यातदाराला भाव वर जाईल का खाली, याच्याशी कर्तव्य नसतं. त्याला मार्चमध्ये बागायतदाराला किती देता येतील ते आज कळायला हवं असतं. तरी सगळे युरो बांधून टाकावेत की निम्मे मोकळे ठेवावेत, यावर बँकेच्या फॉरेक्स खिडकीपाशी तासभर खल चालतो. भाव वाढला तर आपणच मागे राहू, ही धाकधूक त्यालाही असतेच, आणि कागदावर सही करायच्या आधी तोही एकदा मोबाइल काढून युरोचा भाव पाहून घेतो.